साखरेच्या पाकाने घरच्या घरी केस काढताना: मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

नको असलेले केस घरगुती पदार्थांनी काढायचे म्हटले की पहिल्यांदा बेसन, हळद, मसूर डाळ आणि कच्ची पपई यांची नावे निघतात. हे लेप लावून, वाळल्यावर चोळून काढले की त्वचेवरचा मळ आणि मृत पेशी निघतात आणि त्यांच्याबरोबर बारीक लव थोडीफार तुटते, पण हातापायांचे किंवा काखेतले केस त्यांनी निघत नाहीत. केस मुळापासून निघण्यासाठी त्याला घट्ट पकडून ठेवणारी चिकट वस्तू लागते, आणि आपल्या रोजच्या स्वयंपाकघरात असे काम नीट करणारी वस्तू म्हणजे साखरेचा गोळीबंद पाक. इजिप्त, लेबनॉन, तुर्कस्तान या भागांत घरोघरी हीच पद्धत वापरतात. अरबीत या पाकाला ‘हलावा’ म्हणतात आणि आपला हलवा हा शब्दही त्याच अरबी मुळातून आलेला आहे.

संक्रांतीला तिळगुळाच्या लाडवांसाठी पाण्यात थेंब टाकून पाक पाहणाऱ्या घरात या कामाचे निम्मे शिक्षण आधीच झालेले असते. उरलेल्या निम्म्यात मुंबईची दमट हवा, त्वचेची तयारी आणि नंतरची काळजी येते. बाजारातल्या वॅक्सच्या पाककृती या हवेचा विचार करत नाहीत, त्यामुळे नव्या मुलींचे पहिले दोन प्रयत्न फसतात आणि त्या ही पद्धतच सोडून देतात असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या लेखात पाक आणि हवा यांवर जास्त लिहिले आहे.

आधी कोणी थांबावे

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर कोणत्याही प्रकारचे वॅक्स करू नये, कारण या औषधाने त्वचा इतकी नाजूक होते की केसांबरोबर वरचा पापुद्राही सोलून निघू शकतो. चेहऱ्याला रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनचे क्रीम लावणाऱ्यांनी चेहऱ्यावर हा प्रयोग टाळावा. मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तीळ, चामखीळ, जखम, उन्हाने भाजलेली जागा किंवा इसब यांवर पाक लावू नये.

मुंबईत याखेरीज दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक घामोळे आणि दुसरे गजकर्ण. पावसाळ्यात काखेत आणि मांड्यांमध्ये गजकर्ण झालेले असताना त्यावरून पाकावर चिकटवलेली कापडाची पट्टी ओढली, तर बुरशी शेजारच्या निरोगी त्वचेवर पसरते. गजकर्णासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि ते बरेच दिवस लावल्यास त्वचा पातळ होते, हेही लक्षात घ्यावे. अशा जागेवर आधी उपचार पूर्ण करावेत.

केस किती वाढलेले असावेत

साधारण तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे सुमारे ५ ते ६ मिलिमीटर. त्याहून आखूड केस पाकात अडकत नाहीत, आणि १ सेंटिमीटरहून लांब असले तर ओढताना फार दुखते, म्हणून ते कात्रीने थोडे कापून घ्यावेत. रेझर वापरण्याची सवय असेल तर शेवटच्या वेळेनंतर दोन ते तीन आठवडे थांबावे लागते. रेझरने केस जाड होतात ही समजूत खरी नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट राहते, म्हणून तो हाताला राठ लागतो.

साहित्य

साखर २५० ग्रॅम, लिंबाचा गाळलेला रस अडीच मोठे चमचे आणि पाणी अडीच मोठे चमचे, इतकेच पुरते. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा. एवढ्यात दोन्ही हात आणि गुडघ्याखालचे दोन्ही पाय होतात. लिंबू सुगंधासाठी घातलेले नाही. त्यातल्या आम्लामुळे उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो, आणि त्यामुळे पाक थंड झाल्यावर पुन्हा दाणेदार होत नाही. म्हणून लिंबू कमी करू नये.

भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचे घ्यावे. लोखंडाची कढई किंवा ॲल्युमिनियमचे पातेले लिंबाच्या रसासाठी योग्य नाही, आणि काळ्या भांड्यात पाकाचा रंग कळत नाही. लावण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या किंवा लोणी लावायची बोथट सुरी चालते. पाकावर दाबून ओढायच्या पट्ट्यांसाठी मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, सर्वांत चांगले, कारण त्याची वीण पाकाला धरून ठेवते. मंगलदास मार्केटमध्ये अर्धा मीटर घेतले तर वर्षभर पुरते, आणि घरात जुनी सुती चादर असेल तर तेही घ्यायची गरज नाही. सुमारे ५ सेंटिमीटर रुंद आणि १५ ते १८ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापून, धुऊन, कडक वाळवून ठेवाव्यात. सोबत टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोर लागते.

आणि एक पाण्याने भरलेली बादली. ज्या इमारतींत पाणी ठरलेल्या वेळीच येते तेथे पाक चढवण्यापूर्वी ती भरून ओट्याजवळ ठेवावी. पाक अंगावर सांडला तर नळाला पाणी नाही हे त्या क्षणी कळून उपयोग नसतो.

पाक

लहान मूल घरात असेल तर हे काम ते झोपल्यावर करावे. साखर, पाणी आणि लिंबाचा रस एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे. उकळी फुटल्यावर आच मंद करावी आणि ढवळणे थांबवावे, कारण कडेला चिकटलेले साखरेचे दाणे सतत ढवळण्याने पाकात परत जातात आणि सगळा पाक दाणेदार होऊन बसतो. भांडे कडेने धरून हलकेच फिरवले तरी पुरते.

आधी मोठे, पाणचट बुडबुडे येतात आणि पटकन फुटतात. हळूहळू ते लहान होतात, दाट होतात आणि फेसासारखे वर चढतात, त्याच वेळी रंग फिकट पिवळ्यावरून मधासारखा होऊ लागतो. या टप्प्यापासून नजर हलवू नये, कारण मधाच्या रंगावरून करपलेल्या रंगापर्यंत पाक एक-दोन मिनिटांत जातो. फोन वाजला तरी उचलू नये.

आता वाटीत थंड पाणी घेऊन त्यात पाकाचा एक थेंब टाकावा. थेंब पाण्यात पसरला किंवा बोटांत नुसती तार आली तर पाक अजून कच्चा आहे. थेंबाची गोळी झाली, ती बोटांत उचलता आली, दाबल्यावर चपटी झाली पण हाताला लोळत राहिली, की गॅस ताबडतोब बंद करावा. गोळी वाटीच्या तळाला कट् असा आवाज करून आपटली तर तो चिक्कीचा पाक झाला आणि तो अंगाला लावण्याच्या कामाचा नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर साधारण ११८ ते १२१ अंश सेल्सिअस हा गोळीबंद पाकाचा टप्पा.

मुंबईच्या हवेचा खरा परिणाम येथे होतो. साखर हवेतले पाणी ओढून घेते. जून ते सप्टेंबरमध्ये बरोबर गोळीबंद उतरवलेला पाकही तासाभरात वरून ओलसर होतो, त्वचेवर पसरतो आणि पट्टीबरोबर न येता तिथेच राहतो. म्हणून पावसाळ्यात गोळी थोडी घट्ट होऊ द्यावी, म्हणजे दाबल्यावर चपटी होताना बोटाला थोडा जोर लागला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत मात्र तोच पाक ताठ होतो, म्हणून गोळी मऊ असतानाच उतरवावा. माझ्या स्वयंपाकाच्या वहीत लाडवांच्या पाकाशेजारी या पाकाच्याही नोंदी आहेत: महिना, आच, किती मिनिटे. प्रत्येकीने आपल्या शेगडीसाठी अशी नोंद ठेवावी, कारण दुसऱ्याच्या घरची मिनिटे आपल्या घरी लागू पडत नाहीत.

पाक कच्चा राहिला तर पुन्हा मंद आचेवर ठेवावा. कडक झाला तर भांडे खाली उतरवून, उकळ ओसरल्यावर एक चमचा गरम पाणी कडेने घालावे आणि पुन्हा मंद आचेवर विरघळवावा. उकळत्या पाकात थंड पाणी कधीही ओतू नये, कारण तो उसळून अंगावर येतो.

उकळत्या पाण्यापेक्षा पाक बराच जास्त तापलेला असतो आणि तो त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे त्याने भाजल्यास जखम खोल होते. भाजले तर ती जागा २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी किंवा बादलीतले पाणी सतत ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजले असेल तर दवाखान्यात जावे.

तयार पाक काचेच्या कोरड्या बरणीत ओतून किमान ४५ मिनिटे निवू द्यावा. काच आधी गरम पाण्याने कोमट करून पुसून घ्यावी, नाहीतर तडकते. वापरण्यापूर्वी थेंबभर पाक मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तो कोमट लागला पाहिजे, गरम नव्हे. पहिल्याच वेळी असेल तर हाताच्या आतल्या बाजूवर रुपयाएवढ्या जागेतले केस काढून २४ तास थांबावे. लिंबाने किंवा ओढण्याने पुरळ उठते का हे त्यातून कळते.

त्वचेची तयारी

कोमट पाण्याने आंघोळ करून त्वचा पूर्ण कोरडी करावी. त्या दिवशी तेल, मॉइश्चरायझर, डिओडरंट काहीही लावू नये. आंघोळीनंतर लगेच बसले तर मुंबईत घाम येतोच, म्हणून पंख्याखाली दहा मिनिटे बसावे आणि मग पावडरचा अगदी पातळ थर द्यावा. मे महिन्यात दुपारी हे काम घेऊ नये. सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर हवा त्यातल्या त्यात बरी असते. शिवाय रात्री केले की दुसऱ्या दिवशी लोकलच्या गर्दीत शिरण्यापूर्वी त्वचेला सहा-सात तासांची विश्रांती मिळते.

लावणे आणि ओढणे

सुरुवात पायाच्या नडगीपासून करावी, कारण तिथली त्वचा ताणलेली असते, दिसते आणि तिथे हात सहज पोहोचतो. केस कोणत्या दिशेने वाढले आहेत हे प्रथम बोट फिरवून पाहावे. ज्या बाजूला बोट फिरवल्यावर केस बसतात, ती वाढीची दिशा. त्याच दिशेने पाकाचा पातळ थर पसरावा, इतका पातळ की त्यातून केस दिसले पाहिजेत. जाड थर लावला की जास्त केस निघतील असे नवशिक्यांना वाटते, पण जाड पाक पट्टीला न चिकटता त्वचेवरच उरतो.

त्यावर पट्टी ठेवून, खालचे टोक धरायला मोकळे सोडून, वाढीच्या दिशेने तळहाताने तीन-चार वेळा दाबून घासावी. मग एका हाताने त्वचा खालून ताणून धरावी आणि दुसऱ्या हाताने पट्टी वाढीच्या उलट दिशेने, त्वचेला अगदी लगटून, एका झटक्यात ओढावी. पट्टी वर आभाळाकडे उचलू नये. तसे केल्यास केस मुळाशी न निघता तुटतात, त्वचा ओरबाडली जाते आणि निळे डाग पडतात.

माझी भाची मुंबईत शिकायला आली तेव्हा तिने पहिली पट्टी माझ्यासमोर ओढली. तिने भीतीने हळू ओढली, आणि अर्ध्यावर थांबली. नडगीवर पाकाचा लांबट डाग राहिला, त्यात अर्धे केस उभे आणि अर्धे आडवे. मी तो डाग कोमट ओल्या फडक्याने पुसून काढायला सांगितले, त्वचा पुन्हा कोरडी करून पावडर लावायला लावली आणि डाव्या हाताने गुडघ्याखालची त्वचा घट्ट ताणून धरायला लावली. दुसऱ्या वेळी पट्टी निघाली तेव्हा तिने ती उलटी करून उजेडात धरली. प्रत्येक केसाच्या टोकाशी पांढरट, टाचणीच्या डोक्याहून लहान गाठ होती. ती गाठ दिसली की केस मुळातून आला आहे असे समजावे, आणि टोके साधी, सरळ दिसली तर केस तुटले आहेत. ओढण्याची पद्धत बरोबर आहे का, हे पाहण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

पट्टी निघताच तळहात त्या जागेवर घट्ट दाबून ठेवावा, त्याने वेदना लगेच कमी होते. एकाच जागेवर दोनदाच्या वर पाक लावू नये. उरलेले दोन-चार केस चिमट्याने काढावेत. वापरलेली काडी बरणीत परत बुडवू नये. त्यासाठी लागेल तेवढा पाक आधीच छोट्या वाटीत काढून घ्यावा आणि उरलेला वाटीतला पाक टाकून द्यावा.

काखेत केस दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी वाढतात, म्हणून तिथे तुकड्या-तुकड्याने काम करावे लागते. हात डोक्यामागे ताणून धरल्याशिवाय पट्टी ओढू नये, आणि पहिल्या वेळी बहीण किंवा मैत्रीण मदतीला असावी. ओठांवरची लव काढायची असेल तर पट्टी बोटाएवढी अरुंद कापावी आणि मधून नाकाखाली न ओढता ओठाच्या अर्ध्या-अर्ध्या भागावर काम करावे. भुवया आणि डोळ्यांजवळ पाक नेऊ नये. जांघेतले केस पहिल्या तीन-चार वेळांनंतर, हात बसल्यावरच घ्यावेत.

पाकाचा गोळा हातात मळून, वाढीच्या उलट दिशेने लावून, वाढीच्या दिशेने झटक्यात काढण्याची पट्टीविना पद्धतही आहे. ती सौम्य असते, पण मुंबईत हाताच्या घामाने गोळा दोन मिनिटांत विरघळतो. हिवाळ्यात ती शिकावी.

नंतरचे चोवीस तास

हा पाक पाण्यात विरघळतो, म्हणून अंगावर राहिलेले ठिपके कोमट पाण्याने सहज निघतात. त्यानंतर थंड पाण्यात पिळलेले सुती फडके पाच मिनिटे ठेवावे. ताजी कोरफड लावायची असेल तर पात कापून दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवावी, म्हणजे तिच्यातला पिवळा चीक गळून जातो. तो चीक त्वचेला खाज आणतो, पारदर्शक गर तेवढा घ्यावा. खोबरेल तेल २४ तास लावू नये, कारण नुकतीच मोकळी झालेली केसांची छिद्रे त्याने बुजू शकतात. लिंबू चोळणे तर पूर्ण टाळावे. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागले, तर फोड येतात आणि पुढे महिनोन् महिने राहणारे काळे डाग पडतात. नैसर्गिक पदार्थ म्हणजे निरुपद्रवी पदार्थ असे धरून चालणे किती महागात पडते, याचे हे नेहमी दिसणारे उदाहरण आहे.

कच्च्या पपईबद्दलही तेच म्हणावे लागेल. तिच्या चिकातले पपेन प्रथिने विघटित करते, म्हणून ती मटण शिजवताना घालतात. तेच त्वचेवर घासून ठेवले तर आग होते, आणि केस जातात ते नाहीतच.

या चोवीस तासांत गरम पाण्याची आंघोळ, व्यायाम, जुहूच्या समुद्रात किंवा तलावात पोहणे, काखेत डिओडरंट आणि घट्ट सिंथेटिक कपडे टाळावेत. सैल सुती कपडे घालावेत. एक-दोन दिवस बारीक लाल पुळ्या राहणे नेहमीचे आहे. पुळ्यांत पू झाला, लाली पसरत गेली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा आंघोळीच्या वेळी ओल्या खरखरीत फडक्याने हलके चोळावे. नवा केस बाहेर न येता त्वचेखालीच वळला की तिथे गाठ होते, ती यामुळे बरीच टळते. अशी गाठ झालीच तर नखाने फोडू नये. याच टप्प्यावर बेसन-हळदीचे उटणे उपयोगी पडते, केस काढण्यासाठी नव्हे तर त्वचा स्वच्छ ठेवण्यासाठी.

उटण्यावरून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण ती मला मनापासून खटकते. बाळंतिणीच्या घरी बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा त्याच्या पाठीवर, कपाळावर घासतात. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. घासण्याने फक्त बाळाची नाजूक त्वचा सोलते. आजी रागावली तरी हे थांबवावे.

आवराआवर आणि पुढची वेळ

केस चिकटलेला पाक मोरीत किंवा सिंकमध्ये सोडू नये. पाक विरघळतो, केस मात्र नळीत अडकतात. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, केस काढून, साबणाने धुऊन उन्हात वाळवाव्यात. पावसाळ्यात त्या नीट वाळत नसतील तर इस्त्री फिरवावी, कारण ओलसर कापडाला बुरशी धरते. ओटा लगेच पुसावा, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते. उरलेला स्वच्छ पाक घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावा आणि पुढच्या वेळी बरणी गरम पाण्यात उभी करून मऊ करावा.

केस साधारण तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा काढण्याजोगे होतात. पहिल्या वेळेनंतर मात्र आठ-दहा दिवसांतच थोडे केस दिसू लागतात. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या एकाच टप्प्यात नसतात, आणि जे त्या दिवशी त्वचेखाली होते तेच आता वर आलेले असतात. काम फसले असे समजून लगेच पुन्हा पाक लावू नये. कोणत्याही पाकाने, लेपाने किंवा तेलाने केस कायमचे जात नाहीत. कायमचा परिणाम इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुईने विजेचा प्रवाह देऊन, होतो आणि लेझरने केस दीर्घकाळ कमी राहतात. ती दोन्ही कामे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करून घ्यावीत.

हनुवटीवर, छातीवर किंवा पोटावर अलीकडेच जाड, काळे केस येऊ लागले असतील, आणि त्याबरोबर पाळी अनियमित झाली असेल किंवा मुरुम वाढले असतील, तर पाक चढवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या बिघाडाचे ते लक्षण असू शकते, आणि तो बिघाड सापडल्यावर त्यावर उपचार होतात. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत त्वचेचा आणि स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि शेवटच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून सोबत न्याव्यात, आणि डॉक्टरांना ते केस एकदा दिसावेत म्हणून जाण्यापूर्वीचे दोन आठवडे ते काढू नयेत.